चार नंबरची गाडी

"ही गाडी आपली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि दवाखान्याच्या पार्किंगमध्ये हात मागे बांधून उभे राहिले.

डॉक्टर म्हणजे माझा नवरा. लग्न ठरलं तेव्हापासून मी त्यांना डॉक्टरच म्हणते. गाडी आपलीच होती. तीच करडी गाडी, मागच्या दाराला तोच पोचा, डॅशबोर्डवर नागपूरहून आणलेली तीच छोटीशी बुद्धमूर्ती. ओमाहाच्या नोव्हेंबरचा वारा कानात शिरत होता आणि हा माणूस म्हणतोय, गाडी आपली नाही!

"काहून हो? आपली नाही तं कोणाची आहे?" मी ओरडलेच. चिडले की माझ्या तोंडून नागपूर बाहेर पडतं.

त्यांनी बोट दाखवलं ते नंबरप्लेटकडे. "आपली चार नंबरची आहे. ही कुठली कोणास ठाऊक."

नेब्रास्का सोडून इतरत्र राहणाऱ्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. ह्या राज्यात शंभरेक वर्षांपूर्वी कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती मोटारी आहेत ते मोजलं आणि त्या क्रमाने काउंट्यांना नंबर दिले. सगळ्यात जास्त मोटारी ओमाहात, तो एक नंबर. लिंकन दोन. असे खाली खाली त्र्याण्णवपर्यंत. गाडीच्या पाटीवर पहिला आकडा काउंटीचा. आम्ही राज्याच्या मधोमध, मक्याच्या आणि गुरांच्या मुलखात जिथे उभं आयुष्य काढलं, ती काउंटी चार नंबरची. म्हणजे एके काळी साऱ्या राज्यात चौथी! आम्ही गेलो तेव्हा तिथे बघावं तर काय? एक मोठा रस्ता, एक चौक, धान्याची कोठारं आणि आभाळ. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, हे चौथं असेल तर नव्वदावं कसं असेल बाप्पा!

डॉक्टर तिथल्या लहानशा इस्पितळात लागले. व्हिसाच्या अटीपायी काही वर्षं खेड्यात काढायची, मग शिकागो नाहीतर टेक्सास, असं ठरलं होतं. आमच्या ओळखीचे सगळे तसेच गेले. आम्ही राहिलो. का राहिलो ह्याचं मी पुष्कळांना पुष्कळ तऱ्हेचं उत्तर दिलं आहे, पण खरं सांगायचं तर डॉक्टरांना तिथे सगळे ओळखत होते आणि त्यांना ते आवडत होतं. नागपुरात वस्तीतल्या पोराला नावाने नाही, वस्तीवरून ओळखायचे. इथे लोक त्यांना 'डॉक' म्हणायचे आणि खुर्ची पुढे करायचे. माणूस कुठे रुजेल काही सांगता येत नाही.

नंबरांचा नाद त्यांना नागपूरपासूनचा. एकतीस नागपूर, बत्तीस वर्धा, सत्तावीस अमरावती; सिग्नलला उभे असलो की पुढच्या स्कूटरवाल्याचं गाव सांगायचे. इथे आल्यावर महिनाभरात त्र्याण्णवच्या त्र्याण्णव पाठ. इस्पितळाच्या खिडकीतून पार्किंगकडे बघायचे आणि म्हणायचे, "छप्पन्नवाले आलेत. म्हणजे शेजारच्या काउंटीचा डॉक्टर पुन्हा रजेवर." आणि त्या मुलखाची एक रीत होती. समोरून चार नंबरची गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, एवढंच. हात हलवायचा नाही, हसायचं नाही. बोट उचललं की झाला रामराम. हे शिकायला मला वर्ष लागलं, कारण मी आपली अख्खा हात हलवायची आणि लोक गाडी थांबवून विचारायचे, काही मदत हवी का?

पुढे गाव ओसरत गेलं. आधी किराणा दुकान बंद झालं. मग शाळेत मुलं उरेनात, ती शेजारच्या गावाच्या शाळेत मिसळली. आमची मुलगी जिच्याशी खेळली त्यातली एकही पोर तिथे राहिली नाही. सगळी गेली पूर्वेकडे, ओमाहाच्या अंगाला असलेल्या एका काउंटीत. त्या काउंटीचा नंबर होता एकोणसाठ. ज्या काळी मोटारी मोजल्या तेव्हा तिथे शेतंच होती. आता तिथे घरांच्या रांगा, इंडियन ग्रोसरी, दर शनिवारी मराठी मुलांची शाळा. चौथे खाली गेले आणि एकोणसाठावे तिसरे झाले, पण पाट्या बदलल्या नाहीत. गावातले म्हातारे कॉफी पिता पिता म्हणायचे, "आपण चौथे आहोत, डॉक." डॉक्टर मान डोलवायचे. मला हसू यायचं आणि मी तोंड फिरवायची.

गंमत अशी की माणसं फार झाल्यामुळे ओमाहा, लिंकन आणि हे एकोणसाठ, ह्या तीन मोठ्या काउंट्यांनी नंबरच सोडून दिले. तिथे आता नुसती अक्षरं आणि आकडे. गाडी बघून माणूस कुठला ते कळत नाही. डॉक्टरांना हे मुळीच पटलं नव्हतं. "गाव लिहायला जागा पुरत नाही म्हणजे काय?" असं ते तावातावाने म्हणायचे, जणू ही पाटी मीच बनवली.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा औषधांची नावं, मग माणसांची. एकदा स्वतःच्या इस्पितळातून घरी यायला निघाले आणि नदीपलीकडे सापडले. मुलगी एकोणसाठमध्येच राहते, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. ती म्हणाली, "आई, यू कान्ट डू धिस अलोन. तिकडे न्यूरॉलॉजिस्टसुद्धा नाही. इकडे या." तिचं चूक नव्हतं. मी तरी कुठवर पुरणार? घर विकलं, सामान हलवलं. काउंटी बदलली की गाडीची पाटी बदलावी लागते, ते काम मुलीने एका लंच ब्रेकमध्ये उरकलं. जुन्या पाट्यांपैकी एक मी पिशवीत टाकून ठेवली. कशाला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि त्या दिवशी दवाखान्याबाहेर डॉक्टर म्हणाले, ही गाडी आपली नाही.

तेव्हापासून रोज तोच तमाशा; तासभर विनवलं की कुठे बसायचे. घर विसरले, मुलीचं नाव विसरले, पण चार नंबर काही विसरेनात. पाटी मागे असते तशी पुढेही, त्यामुळे कुठून झाकणार? एकदा मी वरून ओढणी टाकली. त्यांनी ती सावकाश काढली, घडी घातली आणि मला म्हणाले, "अगं, पाटी झाकू नये. पोलीस धरतात." एकदा मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये हात सुटला आणि दिसेनासे झाले. शोधत शोधत जाते तर एका पिकअपला टेकून निवांत उभे. पिकअप चार नंबरची. तिकडची कुणी बाई खरेदीला आली होती. तिने डॉक्टरांना ओळखलं, 'डॉक' म्हणून मिठी मारली आणि रडली. तिचं बाळंतपण ह्यांनीच केलं होतं. डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही, पण तिच्या गाडीत बसायला मात्र एका पायावर तयार.

मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ प्लेट." मी म्हटलं, "तुला नुसती पाटी, बाई. पण ते गाडीत बसले नाहीत तर उद्या त्यांना कुठेच नेता येणार नाही. मग घरात कोंडायचं का त्यांना? की विसरणाऱ्यांच्या त्या संस्थेत ठेवायचं?" संस्थेची माहिती तिने आणून ठेवली होती, मी बघितली होती.

मग मी पिशवीतली जुनी पाटी काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बघा, चार नंबर. चार दिवस जमलं. पाटी मांडीवर घेऊन गुमान बसायचे. पाचव्या दिवशी कपाळाला आठ्या. "ही कोणाच्या तरी गाडीची काढलेली दिसते. चोरीची वस्तू आपल्याला नको. ज्याची त्याला देऊन येऊ."

"चला," मी म्हटलं. मला वाटलं, जाऊ एकदा. आपलं गाव दिसलं, घर दिसलं तर आतलं काहीतरी जागं होईल. डॉक्टरांची बायको असून मी असली खुळी आशा धरली, हो, धरली. त्यांना एकदा, फक्त एकदा 'आलो आपण घरी' म्हणताना ऐकायचं होतं मला.

पाटी परत करायची म्हणून ते लगेच बसले. आभाळ राखाडी, शेतं कापून मोकळी. लिंकन मागे पडेपर्यंत सगळ्या अक्षरांच्याच गाड्या. मग नंबर लागले आणि माझा नवरा बोलायला लागला. "सोळा. सतरा. आठ." गावांची नावंसुद्धा सांगत होते. माझा जीव इतका हरखला की मी मुद्दाम सावकाश चालवत होते. "छप्पन्न," ते म्हणाले, आणि सीटवर ताठ बसले. पुढची हद्द आमचीच.

समोरून पहिली चार नंबरची गाडी आली. डॉक्टरांनी बोट उचललं, मीही उचललं. समोरच्याने आमच्या पाटीकडे पाहिलं असावं, निघून गेला. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या गाडीत आमचा जुना पोस्टमन होता, मी त्याला ओळखलं, काच खाली करेपर्यंत तोही गेला. त्यांच्या लेखी आम्ही ओमाहाकडचे कुणी वाट चुकलेले. डॉक्टरांनी बोट खाली घेतलं आणि पाटी उराशी धरली.

"इथले लोक आपले नाहीत," ते म्हणाले. "चार नंबर अजून यायचाय."

"आलाय हो! हाच तो," मी म्हटलं. पण माझाच आवाज मला परका वाटला.

घरासमोर गाडी उभी केली. दाराला नवा रंग दिलेला, अंगणात लहान मुलाची सायकल. ड्राइव्हवेमध्ये नव्या लोकांची पिकअप, अर्थात चार नंबरची. घरात कुणी नव्हतं. डॉक्टर उतरले. घराकडे त्यांनी बघितलंही नाही. पायरीवर जुनी पाटी नीट उभी करून ठेवली आणि पिकअपकडे गेले. तिच्या बॉनेटवर हात फिरवला. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील. आता.

ते माझ्याकडे वळले आणि हात जोडले.

"ताई, तुम्ही इथवर सोडलंत, फार उपकार झाले. ही माझी गाडी. आता मी जाईन. घरी बायको वाट बघत असेल, उशीर झाला की तिचा जीव वरखाली होतो."

मी तिथेच सायकलजवळ उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला, भयंकर राग आला; त्यांचा नाही, त्या बाईचा, जी कुठेतरी घरात बसून ह्यांची वाट बघत होती आणि जिच्याकडे मला कधीच जाता येणार नव्हतं. ते परक्याच्या पिकअपचं दार ओढत होते, ते उघडत नव्हतं. वारा सुटला होता. त्यांच्या अंगात स्वेटर पातळ होता.

"तुमची किल्ली घरी राहिली असेल," मी म्हटलं. "चला, मी सोडते तुम्हाला, बायकोकडे."

ते माझ्या गाडीपाशी आले, वाकून पाटी बघितली. "ही आपली नाही," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "ही माझी आहे. परक्याची आहे असं समजून बसा."

आणि ते बसले. इतके दिवस ज्यासाठी हातापाया पडावं लागायचं ते असं चटकन झालं. परक्या बाईने लिफ्ट दिली तर नाही म्हणायचं कसं, एवढी रीत त्यांच्यात शाबूत होती. मी त्यांचा पट्टा लावला. त्यांचं लक्ष डॅशबोर्डवरच्या मूर्तीकडे गेलं आणि चेहरा एकदम खुलला.

"अरे वा! तुम्हीपण आपल्याच का?" ते म्हणाले. "जय भीम, ताई."

"जय भीम," मी म्हटलं आणि गाडी ओमाहाकडे वळवली.