जावई आणि सेल्फ

माझा नवरा दुसऱ्या कुठल्या बाईकडे बघत असता तर मी त्याचा बंदोबस्त केला असता. पण तो बघत होता माझ्या बापाकडे, आणि बाप त्याच्याकडे. त्याला काय करणार? सवत माहेरीच मिळेल, आणि ती माझाच नवरा असेल, असं कुणाला वाटलं असतं!

दर रविवारी आम्ही मोशीहून दिघीला पप्पांकडे जायचो. चपला काढायच्या आतच पप्पांची हाक यायची, ‘जावई, या इकडं.’ मग ते दोघं गल्लीत पप्पांच्या व्हॅनपाशी आणि मी आईबरोबर स्वयंपाकघरात. चहा झाला की तो नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी कप घेऊन उभी राहायची आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नसायचा.

पप्पांची उभी नोकरी एका कंपनीत सेल्फ तपासण्यात गेली. किल्ली फिरवली की जी छोटी मोटर इंजिनाला पहिला हिसका देते तिला आमच्याकडे सगळे सेल्फच म्हणतात. तयार झालेला सेल्फ टेबलावर बसवायचा, फिरवायचा, कान द्यायचा, पास करायचा. त्या कानाचा गल्लीत दबदबा होता. कुणाची गाडी सकाळी अडून बसली की पप्पा दाढी करता करता घरातूनच सांगायचे, ‘बॅटरी उतरलीय त्याची,’ नाहीतर, ‘सेल्फमधले कार्बन झिजलेत.’ आणि तेच निघायचं. लहानपणी मी विचारायची, ‘पप्पा, तुम्हाला कसं कळलं?’ तर म्हणायचे, ‘तुला काय करायचंय? अभ्यास कर. माझे हात काळे झाले तेवढे बास.’

मी केला अभ्यास. बी.कॉम. झाले, ऑफिसात बसले, कंटाळले, सोडलं. आता चाकणला कंपन्यांत काम करणाऱ्या, खोली घेऊन एकट्यानं राहणाऱ्या पोरांना डबे करून देते. पप्पांना ते फारसं आवडलेलं नाही, पण माझे हात हळदीनं पिवळे होतात, काळे नाही, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलंय.

आणि जे मला कधी सांगितलं नाही ते सगळं जावयाला! ‘कान द्या, जावई. टकटकटक असं भराभर झालं तर बॅटरीत दम नाही. घर्रर्र झालं आणि इंजिन जागचं हललं नाही तर सेल्फचे दात इंजिनात बसत नाहीत. आणि नुसतं एकदाच टक्, मग गप्प, तर मात्र डोकं लावायचं.’ माझा नवरा मान डोलवायचा. हा माणूस घरी कुकरची शिट्टी वाजली तरी मला विचारतो, ‘कसला आवाज आला?’ आणि तिथं मान डोलवतोय! एकदा पप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, ‘करंट गेला तसा परत आला पाहिजे. जायची वायर सगळेच बघतात, यायची कुणी बघत नाही.’ माझ्या पाठीवर पप्पांनी तसा हात ठेवलेला मला आठवेना. चहा गार झाला तरी मी तिथंच उभी होते. मी फार जळले. पण शब्द न् शब्द ऐकला.

एप्रिलात जयंतीच्या आधी पप्पा दरवर्षी व्हॅन रंगवतात. निळी. मिरवणुकीत आमच्या गल्लीतली लहान मुलं त्याच व्हॅनमधून जातात, त्यामुळं रंगात हयगय नाही. या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, तरी हट्टानं सीट उचलून खालची जागासुद्धा रंगवली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. त्या दिवशी जावई ओव्हरटाइमला होते, म्हणून नटबोल्ट हातात द्यायला मी होते. जावई नाहीत म्हणून का होईना, सबंध दुपार पप्पा माझे होते.

मिरवणूक थाटात झाली आणि त्यानंतर हळूहळू व्हॅन रुसली. किल्ली मारली की टक्. एकदाच. मग गप्प.

डॉक्टरांनी पप्पांना गाडी चालवायला मनाई केली होतीच. त्या रविवारी त्यांनी गल्लीत खुर्ची टाकली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘हिचं दुखणं जो शोधंल त्यानं हिला घेऊन जावं.’ बोलले सगळ्यांसमोर, पण बघत होते जावयाकडे. मी रोज डब्यांच्या पिशव्या घेऊन शेअर रिक्षात अंग चोरून चाकणला जाते, हे त्यांना माहीत होतं. जावई कंपनीच्या बसनं जातात, हेही माहीत होतं. व्हॅन कुणाला हवी, यात अवघड काय होतं? पण मला कुणी विचारलं नाही. मला काम दिलं होतं ते असं: सीटवर बसायचं, सांगितलं की किल्ली मारायची, आणि मधे मधे मोबाईलचा उजेड धरायचा.

नवऱ्यानं सेल्फ खोलला, जमिनीवर ठेवून जंपर केबलनं थेट बॅटरीला जोडला. गरागरा फिरला. पप्पा खूश. ‘कार्बन बदलून टाका तरी.’ बदलले. सेल्फ परत बसवला. ‘हं, मार किल्ली!’ टक्.

‘दिवे लावून मार.’ लावले. किल्ली फिरवली तरी दिवे लख्खच राहिले, जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठणठणीत. ‘मग सेल्फच नवा घालू, मामा,’ नवरा म्हणाला. पप्पांनी मान हलवली. दोघं डोक्याला डोकं लावून बसले, आणि मी किल्ली मारतेय, टक्, टक्, टक्.

तेवढ्यात मला वास आला. प्लॅस्टिक तापल्याचा. मी शेजारची सीट उचलली आणि हात घातला. ॲक्सिलरेटरची तार इंजिनाकडं जाते तिथं बोट लागलं आणि चटका बसला. इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही, मग ही तार कशानं तापली? माझ्या मिक्सरची पिन सैल झाली की अशीच तापते. करंट परत यायला धडपडत होता आणि त्याला त्याची वाट मिळत नव्हती, म्हणून तो मिळेल त्या तारेतून चालला होता.

मग मला ती दुपार आठवली. इंजिनापासून गाडीच्या चॅसीला येणारी, करंट परत आणणारी अर्थिंगची पट्टी पप्पांनी खोलली होती, तिच्याखाली छान निळा रंग मारला होता आणि वरून पट्टी परत आवळली होती. मिरवणुकीपुरता करंट बोल्टाच्या आट्यांतून निभावला असणार. तो बोल्ट मीच हातात दिला होता.

मी कुणाला काही बोलले नाही. जंपर केबल उचलली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टला.

‘अगं ए, काय करतेस? शॉर्ट होईल!’ नवरा ओरडला.

मी किल्ली मारली. अर्ध्या किल्लीत इंजिन सुरू झालं.

‘शाब्बास जावई!’ पप्पा खुर्चीतून उठले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खाली उतरले. ‘जावयानं नाही पप्पा, मी. अर्थिंगच्या पट्टीखाली तुम्ही रंग मारलाय. यायची वाट बंद केलीत.’

पप्पांनी सीटखाली वाकून बोटानं चाचपलं. बराच वेळ चाचपलं. ‘तुला कुणी सांगितलं हे?’

‘तुम्हीच. त्यांना सांगत होता तेव्हा मी चहा घेऊन उभी होते.’

नवऱ्यानं समजूतदारपणे हात पुढं केला. ‘आण किल्ली. पट्टी मी साफ करून घेतो, मामा. तिचे हात कशाला खराब?’

पप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. केबल लावताना तळवे काळे झाले होते. मला वाटलं, आता म्हणणार, जा, धुऊन ये. त्यांनी पान्यांच्या पेटीत हात घातला, चाचपून एक पाना काढला, पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि दोन्ही माझ्या हातात दिले. ‘किल्ली ठेव तुझ्याकडं. बस इथं. पट्टी खोल. रंग पार पत्रा दिसंस्तोवर घासायचा. घाई नाही करायची.’ आणि माझ्याशेजारी बसताना आधारासाठी म्हणून का होईना, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

नवरा बाजूला उभा होता. त्याला काही काम उरलं नव्हतं. आमच्या दोघांकडं बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चांगलं ओळखत होते, कितीतरी रविवार ते माझ्याच चेहऱ्यावर होतं. मला फार बरं वाटलं. माझा मोबाईल त्याच्याकडं देत मी म्हटलं, ‘अहो, जरा उजेड धरा.’