सभासदांना सूट

आठही दिशा डोळे मिटून अचूक सांगता येणारा, आणि तरीही उभ्या आयुष्यात सहाच्या वर माणसं आपल्या दिशेनं वळवू न शकलेला गृहस्थ वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा भाऊजी निघाला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही घरात सगळे बाई म्हणतो, तिचे हे यजमान. फौजेत पंधरा-सोळा वर्षं काढून, हवालदाराची पेन्शन घेऊन ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आष्टीला परत आले. दुसरे फौजी येताना ट्रान्झिस्टर आणतात, कांबळी आणतात, कोणी रमच्या बाटल्या आणतात. आमच्या भाऊजींनी एक कंपास आणला आणि एक खूळ आणलं. कंपास शेवटपर्यंत बिघडला नाही आणि खूळही शेवटपर्यंत गेलं नाही.

खुळाचं नाव ओरिएंटिअरिंग. रानात सात ठिकाणी निशाणं लावून ठेवायची, माणसाच्या हातात नकाशा आणि कंपास द्यायचा, आणि त्यानं ती निशाणं ओळीनं शोधून परत यायचं. जो लवकर येईल तो पहिला. फौजेत त्यांनी यात कधीतरी बक्षीस मिळवलं होतं आणि तेव्हापासून त्यांची ठाम समजूत होती की, हा खेळ आष्टीच्या माणसाला कळला की आष्टीचा माणूस पुन्हा कधी भरकटणार नाही. आष्टीच्या माणसानं पहिल्याच आठवड्यात त्या शब्दाचं 'वारंटरिंग' केलं. त्यामुळं भाऊजी एखाद्याच्या ओट्यावर वही घेऊन चढले की घरातला कर्ता पुरुष मागच्या दारानं शेताकडं निघून जाई. एका म्हातारीनं तर मला बाजारात गाठून भाऊजींबद्दल हळूच विचारलं होतं, "बापू, तुह्या भाटव्यानं कोना कोनाच्या नावाचं वारंट काढलं रे?"

घरातही त्यांचं बोलणं कंपासाच्या काट्यावर चाले. डावं-उजवं, अलीकडं-पलीकडं हे शब्द त्यांनी फौजेतच टाकून दिले होते. "मीठ तुझ्या ईशान्येला आहे," असं ते बाईला सांगत, आणि ती बिचारी सुरुवातीची दोनेक वर्षं सगळ्या फळ्या धुंडाळत असे. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला हाक मारून, "नैऋत्येचा कोपरा वरणावाचून राहिला आहे," असं सांगितलं, तर तो भला माणूस वरणाची बादली घेऊन देवळापर्यंत जाऊन आला. मला ते 'सालेसाब' म्हणत. फौजेतली हिंदी आणि पुस्तकातली मराठी यांच्या मधोमध त्यांनी आपली एक भाषा बसवली होती. वऱ्हाडी मात्र त्यांच्या तोंडून फार क्वचित येई, आणि ती आली की समजावं, माणूस आतून हलला आहे.

खेळासाठी त्यांनी मंडळ काढलं. मंडळाची कागदोपत्री नोंदणी करायला सात सभासद लागतात, आणि मंडळात होते सहा. एक स्वतः भाऊजी. दुसरा मी, कारण मी कापूस खरेदी केंद्रावर कारकून होतो आणि बहिणीच्या घरी जेवत होतो. तिसरे शाळेचे ड्रॉइंग मास्तर, जे नकाशे काढत. चौथा एक शिंपी, पाचवा दवाखान्यातला कंपाउंडर आणि सहावा भज्यांच्या हॉटेलचा मालक. नोंदणीचा फॉर्म भाऊजींनी वर्ध्याहून आणून ठेवला होता. त्यावर सहा नावं, सहा सह्या आणि खाली एक कोरी ओळ. दर वर्षी ते नवा फॉर्म आणत, सहा नावं भरत आणि सातव्या ओळीपाशी थांबत. मी एकदा म्हटलं, "नोंदणी नसली म्हणून काय बिघडतं? खेळ तर होतोच ना?" तेव्हा ते म्हणाले, "सालेसाब, नोंदणी झाली की मंडळ मंडळाचं होतं. तोवर ते माझं आहे. माझं असलेलं माझ्याबरोबर जाईल." त्यांना मूलबाळ नव्हतं. हे वाक्य ऐकून मी विषय बदलला होता, एवढं आठवतं.

सातवा सभासद मिळावा म्हणून त्यांनी जी युक्ती काढली तीच पुढं त्यांच्या मुळावर आली. स्पर्धेची प्रवेश फी दोन रुपये. सभासदाला दीड. सभासद व्हायचं तर वर्षाचे तीन रुपये. स्पर्धा वर्षातून तीन. म्हणजे तीन रुपये भरून माणसाचा दीड रुपया वाचणार. हा हिशेब बाईनं भाकरी थापता थापता पहिल्याच दिवशी मांडला आणि विचारलं, "मंग सभासद कोन होईन? येडा?" भाऊजींनी शांतपणे कागद काढला आणि सांगितलं की वर्षातून सहा स्पर्धा घेतल्या तर बरोबरी होते आणि सात घेतल्या तर सभासद फायद्यात जातो. सात स्पर्धांना माणसं कुठून येणार, हे विचारण्याची ताकद तिच्यातही नव्हती आणि माझ्यातही नव्हती. "आणि सवलत पैशासाठी नसतेच," ते कागदाची घडी करत म्हणाले. "दारात उभ्या माणसाला आपण 'तू आमचा' म्हणतो, त्याची ती खूण आहे."

एके वर्षी बाजाराच्या दिवशी त्यांनी ठळक अक्षरांत पाटी लावली. 'सभासदांना सूट मिळेल.' मास्तरांनी अक्षरं निळ्या-लाल रंगात रंगवली होती. दुपारपर्यंत भाऊजींच्या ओट्यावर बारा माणसं जमली. बारा. बाईनं दोनदा चहा टाकला. भाऊजी भराभर पावत्या फाडत होते, आणि त्या आनंदात त्यांनी बाराही जणांना पश्चिम कुठं ते दाखवलं. सगळ्यांनी मन लावून पश्चिमेकडं पाहिलं. मग त्यातला एक शेतकरी खाकरून म्हणाला, "ते सगळं ठीक हाय, पन माप कवा घेनार?"

"माप नकाशावरच दिलेलं आहे," भाऊजी उत्साहानं म्हणाले. "एक इंचाला शंभर पावलं."

"शंभर पावलाचा पँट कोनाले पायजे, जी? सफारीचं माप म्हन्तो मी. पाटीवर लिवलं हाय ना, सभासदाले सूट म्हून."

ओट्यावर कोणी हसलं नाही. भाऊजींनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा शिंप्याकडं. शिंपी मंडळात होता हे लोकांना ठाऊक होतं, त्यामुळं शंकेला जागाच नव्हती. दोघे-तिघे तर सकाळीच त्याच्याकडं जाऊन कापडाचा रंग ठरवून आले होते, आणि त्यानंही गिऱ्हाईक मोडू नये म्हणून तोंड उघडलं नव्हतं. भाऊजींनी उभं राहून, फौजेत रिपोर्ट देतात तसा, सूट या शब्दाचा खरा अर्थ सगळ्यांना सांगितला आणि ज्याला पैसे परत हवे असतील त्यानं घ्यावेत म्हणून सांगितलं. बाराही जणांनी घेतले. मी त्यांना आत नेलं आणि कळवळून म्हटलं, "भाऊजी, सह्या झाल्या आहेत. त्यातली एकच ठेवा. फॉर्म पाठवून द्या." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "जो चुकीच्या रस्त्यानं निशाणापाशी आला, तो पोहोचला नाही, सालेसाब. तो नुसता तिथं आहे."

पुढच्या बाजाराला पाटीवर 'सवलत' आलं. तेव्हा बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "आमाले एसटीत सवलत हाय. तुमच्या जंगलात काऊन नाई?" त्यांना सभासद व्हायचं नव्हतं, फक्त हक्क विचारायचा होता. भाऊजींनी त्यांना नियमात नसलेली पूर्ण सवलत दिली, खुर्ची दिली, आणि स्पर्धेच्या दिवशी ते पळसाखाली बसून दिवसभर पाहत राहिले. स्पर्धेत त्या दिवशी मी एकटाच होतो.

माझ्याबद्दल काय सांगावं. तेरा-चौदा वर्षांत मी एकदाही सात निशाणं पुरी केली नाहीत. कधी दोन, कधी तीन. निशाणं बाईच्या जुन्या नारिंगी लुगड्याची आणि भाऊजींच्या धोतराची. बाईनंच ती शिवलेली. कधी बकऱ्यांनी खाल्लेली असत, कधी गुराख्यानं डोक्याला बांधलेली. एकदा मी नाल्याच्या कडेकडेनं जात थेट डांबरी सडकेला लागलो आणि समोर एसटी दिसली तसा बसून घरी आलो. भाऊजी संध्याकाळपर्यंत रानात माझी वाट पाहत उभे होते. त्यांच्या वहीत नावापुढं तीनच शेरे असत: 'आला', 'हरवला' आणि 'आला नाही'. 'नापास' किंवा 'बाद' असं ते कुणाला लिहीत नसत. त्या दिवशी माझ्यापुढं त्यांनी 'हरवला' लिहिलं आणि वही मिटत म्हणाले, "हरवलेला माणूस निदान निघाला तरी होता." शिंपी तर प्रत्येक स्पर्धेला येई, दीड रुपया देई आणि झाडाखाली पान लावत बसे. "आमाले सूट हाय ना? मंग पयाची बी सूट," पळण्यातूनही सूट, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्यापुढं मात्र दर वेळी 'आला' असे.

बाईला सभासद का करत नाही, असं सगळे विचारत. भाऊजींचा नियम होता: घरचं माणूस घेतलं तर लोक मंडळाला घरचं मंडळ म्हणतील. मी तरी घरचाच की, असं म्हटलं तर ते म्हणत, "तू सासुरवाडीचा. तो वेगळा नकाशा." बाईनं कधी विचारलं नाही. ती निशाणं शिवी, चहा करी आणि आमच्या दोघांच्या वेडेपणाला नावं ठेवी.

मंडळाचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. सोनं द्यायला आम्ही गेलो की भाऊजी आपट्याच्या पानांबरोबर पावतीपुस्तक पुढं करत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तोवर बदलीनं आर्वीला गेलो होतो, पोरांच्या शाळा होत्या, डोक्याला हजार व्याप होते. त्या दसऱ्याला मी सोनं घेतलं, पाया पडलो आणि म्हटलं, "यंदा राहू द्या भाऊजी. पुढच्या वर्षी बघू." प्रश्न तीन रुपयांचा नव्हता. मी कंटाळलो होतो. इतक्या वर्षांत एक माणूस वाढला नाही, एक निशाण धड टिकलं नाही, आणि या सगळ्याचा काही उपयोग नाही हे या माणसाला कुणीतरी सांगायला हवं, असं मला वाटत होतं. त्यांनी पावतीपुस्तक खिशात ठेवलं. चार पावलं चालले की त्यांना धाप लागत होती, ते मला दिसलं होतं. तरी मी तेच बोललो.

दिवाळीनंतरच्या रविवारी स्पर्धा होती. मी गेलो नाही. पुढचं मला बाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं म्हणून मी पहिल्या एसटीनं आष्टीला गेलो. त्या रविवारी रानात शिंप्याशिवाय कोणी आलं नव्हतं. भाऊजी टेबल मांडून, पेन्सिली तासून बसले होते. स्पर्धा अकराला सुटायची; दहाला पाचेक मिनिटं असताना बाई घराला कुलूप लावून तिथं गेली आणि टेबलावर दोन रुपये ठेवले. "एक नकाशा द्या," म्हणाली.

भाऊजींनी एक तासलेली पेन्सिल पुन्हा तासली. मग त्यांनी आपला जन्माचा नियम मोडला आणि वऱ्हाडीत म्हणाले, "सभासद होतं का? आठ आने कमी लागन तुले."

"सभासद करा," बाई म्हणाली आणि पदराच्या गाठीतून आणखी तीन रुपये काढून ठेवले. "पन सूट नको. पचवीस वर्सं झाले, तुमच्या संसारात कवा सूट मांगितली का मी? आता काऊन मांगू?"

तिनं कंपास घेतला नाही. ईशान्य कुठं आणि नैऋत्य कुठं हे तिला मिठाच्या बरणीवरून पाठ झालं होतं. बारा-साडेबाराला ती सातही निशाणं करून परत आली. तेवढ्या वर्षांत सातही निशाणं कुणी केली असतील तर ती एकट्या तिनं. भाऊजींनी वहीत तिच्या नावापुढं 'आली' लिहिलं. त्यांना मागं एक काना पुसून वेलांटी द्यावी लागली, कारण हाताला 'आला' लिहायचीच सवय होती. मग त्यांनी फॉर्म काढला, सभासदांची नावं एकेक करून उतरवली, खाली बाईचं नाव लिहिलं आणि ओळी मोजल्या. माझी ओळ नव्हती. बाई धरून सहाच भरले.

मी गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर पडून होते. मी तीन रुपये पुढं केले आणि म्हटलं, "माझं नाव घाला. आजच फॉर्म घेऊन वर्ध्याला जातो." त्यांनी पैसे हळूच माझ्या मुठीत परत दाबले. "वर्षाचं सभासदत्व पहिल्या स्पर्धेच्या आधी एक तास बंद होतं," ते म्हणाले. "तूच लिहिला आहेस तो नियम, सालेसाब. चिटणीस तू होतास." मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. वही उघडीच होती. बाईच्या 'आली'च्या वर माझं नाव त्यांनी दर वेळेसारखं लिहून ठेवलं होतं आणि पुढं 'आला नाही'.

निघताना त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले येजो."

मी गेलो. बाईच्या हातात सोनं दिलं. ते दसऱ्याच्या आधीच, पोळ्याच्या सुमारास गेले होते. मंडळाची नोंदणी झाली नाही ती नाहीच, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. आता कुठं ग्रंथालयाच्या, नाटकाच्या, कसल्याही दारावर 'सभासदांना सूट' असं लिहिलेलं दिसलं की मी सभासद असलो तरी पूर्ण पैसे काढतो. खिडकीतला माणूस विचारतो, सभासद आहात ना? मी नाही म्हणतो.