धनगराचा कुत्रा कोळ्याच्या खळ्यावर

तांबूनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भांडण. माझ्या ताटातली मांदेली त्यानं उचलली, मी ओरडलो, "मर जा तिकडं!" तो होडीच्या सावलीत जाऊन पडला आणि दुपारपर्यंत मेला. चौदा वर्षांत त्या कुत्र्यानं माझं ऐकलं ते तेवढंच एकदा!

तांबू तसा माझ्या बायकोचा. ती दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. कुत्र्यासाठी मात्र मी भर किनाऱ्यावर, सगळ्या कोळणींसमोर गळा काढून रडलो. बायकोची मैत्रीण सोनूबाय (जिभेनं सुरमई कापील अशी) म्हणाली, "बायकोला ओहोटी नि कुत्र्याला भरती? धन्य हाय रं बाबा तुजी!"

तिला काय सांगू? बायको गेली तरी संध्याकाळी दारात तिची वाट बघायला आम्ही दोघं होतो. आता मी एकटाच.

खळं म्हणजे आमची मासळी वाळवायची जागा. बायको गेल्यापासून मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या दोऱ्यांवर दुसऱ्याच बाया बोंबील टांगताना बघवत नव्हतं. मी उपड्या होडीमागं खळ्याकडं पाठ करून बसायचो, कोणी बोललंच तर खेकसायचो. राखण तांबू करायचा. तो मेला नि कावळ्यांची दिवाळी झाली.

सून हिरा म्हणाली, "मामंजी, निम्मे बोंबील कावळंच नेतात. पावसाळ्यात होडी बंद, तवा खायाचं काय? वाळू? दुसरा कुत्रा आना."

"दुसरा कुत्रा नको!"

"मंग तुमी बसा खळ्यावर."

त्यापेक्षा कुत्रा बरा! मी बैलगाडीनं माणगावचा बाजार गाठला.

तिथं घाटावरून मेंढरं घेऊन उतरलेला एक धनगर भेटला. "ह्यो खंड्या," तो म्हणाला, "दोनशे मेंढरं एकला राखतो. पर म्हातारा झालाय, आता घाट चढवत न्हाय. तुमच्यासारकाच."

मी अपमान गिळला आणि विचार केला, दोनशे मेंढरं राखतो त्याला चार दोऱ्या बोंबील काय जड? (मेंढरं चालतात आणि बोंबील टांगलेले असतात, हा फरक डोक्यात शिरला नाही. शाळेत दोन वर्षं जास्त बसलो असतो तरी शिरला नसता.) सुक्या जवळ्याची टोपली देऊन कुत्र्याला घेऊन आलो.

सकाळी त्याला खळ्यात सोडलं नि मी होडीमागं बसलो. पहिला कावळा आला, बोंबील घेऊन गेला. खंड्यानं पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं. मांजर आलं, त्यालाही वाट दिली!

मग बोंबील उलटायला बाया आल्या नि खळ्यावर पांगल्या. पांगलेलं बघून खंड्याचं टाळकं फिरलं! गोल धावत, पोटरीला नाक लावत, घटकेत त्यानं बाराच्या बारा कोळणी एका कोपऱ्यात आणून कोंबल्या. एक बाहेर निघाली की परत आत!

"अगो, माजी चूल पेटलेली हाय!" सोनूबाय किंचाळली. "म्हाताऱ्या, आवर तुज्या ह्या जमादाराला!"

आरडाओरडा ऐकून पाटील आले. "काय तमाशा हाय?" एवढं विचारलं आणि छत्रीसकट कोपऱ्यात गेले! इकडं कावळे निवांत जेवत होते.

मी धावलो. "थांब! बस! सोड!" खंड्याला धनगराची शीळ कळायची, माझं काय कळणार? घाबरून तोंडातून निघालं, "तांबू!"

 

खंड्यानं वळून बघितलं. एक मेंढरू अजून बाहेरच! आला माझ्यावर, नि पोटरीला दात लावून मलाही नेला त्या घोळक्यात.

सोनूबायनं सरकून जागा दिली. "आलास? दोन वर्सांनी आलास, तेबी कुत्रा चावला म्हनून!"

माझ्या डोळ्यांत खारं वारं गेलं होतं.

धनगराची शीळ घालता येणारा एक गाडीवान आला, तेव्हा कुठं सुटका झाली. माझा पोरगा समुद्रावरून आल्या आल्या ओरडला, "उद्याच्याला ह्ये ध्यान माणगावला पोचवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खंड्याला दोरी बांधून निघालो. माणगावच्या गाडीकडं जायची वाट खळ्यावरून जाते. बाया पांगल्या होत्या, खंड्या दोरी ओढून कण्हत होता. मी त्याला होडीला बांधला, एक काठी उचलली आणि कोणी न चावता खळ्यात शिरलो. गाडी गेली. मी कावळ्यांमागं धावत राहिलो.

"माणगावाहून कुत्रा आणला," मी धापा टाकत म्हणालो, "नि खळ्यावरचं कुत्रं झालो मी! भुंकायचं तेवढं ऱ्हायलंय."

सोनूबायनं बोंबील उलटता उलटता मान वर केली नाही. "ते दोन वर्सं करतोयसच की!"