उंबरठ्याचं लाकूड

ज्या माणसाचं पडलेलं घर उभं करायला आम्ही गेलो होतो, त्याचाच डोंगा मी कुऱ्हाडीनं तोडला.

डोंगा म्हणजे आख्खं खोड कोरून केलेली होडी. वैनगंगेच्या काठी मासे धरून जगणाऱ्या माणसाचं घर पडलं तर तो झाडाखाली राहील, जाळं फाटलं तर विणील. डोंगा गेला की मात्र त्याला नदीकडे नुसतं बघत बसावं लागतं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा चांदाच. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात भजनमंडळ होतं आणि त्यात मी पुढचा गाणारा. मोठ्या आवाजाला मोठं पोट लागतं, अशी माझी समजूत. मंडळातले म्हणत, पोट आलं, आवाज अजून वाटेत आहे. पोळा झाल्यावर नदीला पूर आला आणि काठावरची गावं बसली, तेव्हा आमचे बुवा म्हणाले की टाळ वाजवून भिंती उभ्या राहत नाहीत, टाळांबरोबर कुदळी घ्या. आम्ही घेतल्या. तांदळाची पोती बैलगाडीत टाकली आणि चालत निघालो. माझ्या वाट्याला कुऱ्हाड आली. ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असती तर हे लिहावं लागलं नसतं.

गाव नदीनं नेलं नव्हतं, जागच्या जागी कालवून ठेवलं होतं. धान सडल्याचा वास कपड्यांना चिकटायचा. माणसं टेकाडावरच्या मारुतीच्या देवळात दाटीवाटीनं बसलेली. ती रडतही नव्हती. पेजेचं भांडं आलं की तेवढ्या माना वळायच्या. गावचे डोंगे वाहून गेले होते. एकाच माणसानं, पाणी चढताना बघून, बापजाद्यांची रीत केली होती. डोंग्यात धोंडे भरून तो काठाजवळ बुडवून ठेवला होता. बुडालेला डोंगा पूर नेत नाही. बाकीच्यांना तेवढी उसंत मिळाली नाही, ते पोरं आणि शेळ्या ओढत होते.

तोच माणूस आता देवळात तापानं पडला होता. त्याला पेज पाजायचं काम माझ्याकडे होतं. दर घोटाला तो एकच सांगायचा, "डोंगा हाय खाली. उठलो का काढतो." मग म्हणायचा, की पाणी थोडं निवळलं की गावाला मासळी मिळेल, पोरं जगतील. आसपासचे लोकही त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्याचा ताप उतरतो की नाही, यावर गावाची चूल अडली होती. हे सगळं मी कानांनी ऐकलं. पण मी पडलो तळ्याकाठच्या धानवाल्यांतला. डोंगा पाण्यावर असतो एवढंच मला ठाऊक. तो गाळाखाली निजलेला असतो, हे डोक्यात शिरायला तिथे आधी जागा हवी होती.

त्याचं घर आम्ही पहिलं धरलं, कारण त्याची आई म्हातारी आणि बायको ओली बाळंतीण. नदीनंच आणून टाकलेले बांबू चिरून कुडाच्या भिंती केल्या, चिखलानं लिंपल्या. राहिला उंबरठा. बुवा म्हणाले, उंबरठ्याशिवाय घर म्हणजे गोठा. मी कुऱ्हाड उचलली.

काठावर गाळातून एका जाड लाकडाचं टोक वर आलेलं होतं. गोलसर, घोटीव, त्याला आरपार एक भोक. लाकडातली गाठ गळून पडली असेल, असं मी ठरवलं. पुरात आलेलं लाकूड, म्हणजे देवानंच धाडलेलं. मदतीला कुणाला बोलावलं नाही, कारण एकदा तरी मंडळातल्यांनी माझं काम बघावं, अशी हौस. हाताला फोड येईपर्यंत घाव घातले. टोक सुटलं तसा आतून चिखल आला आणि एक धोंडा घरंगळला. लाकूड पुढे पोकळ निघालं, म्हणून मी हळहळलो. गाळात राहिलेल्या त्या पोकळीत कुणा लेकराचा पाय जाऊ नये, म्हणून ती गाळानं नीट बुजवलीही. इतकी काळजी मी जन्मात दुसऱ्या कशाची घेतलेली नाही.

उंबरठा बसवला. हळदकुंकू वाहिलं. भजन सुरू झालं, पुढचा गाणारा अर्थातच मी. म्हातारी सुनेचा हात धरून घर बघायला आली. दारात बसली, उंबरठ्यावरून हात फिरवत गेली. हात भोकाशी थांबला. तिनं त्यात बोट घातलं.

"हे तं डोंग्याचं नाक व्हय," ती म्हणाली. "या भोकात दोर बांधते माहा पोरगा."

टाळ थांबले. कुणाचा तरी एक ठोका उगाच पुढे वाजला.

दोघांच्या खांद्यावर हात टाकून तिचा मुलगा देवळातून खाली आला. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो गाळात बसला आणि डोंग्यातले धोंडे काढू लागला. मागून गाव आलं. डोंगा मोकळा झाला तेव्हा पुढचं तोंड उघडं पडलेलं दिसलं, आणि एक बाई तोंडात पदर कोंबून परत देवळाकडे चालायला लागली.

आम्ही गोणपाट, चिकणमाती, राळ, जे सापडलं ते त्या तोंडाला लावलं. डोंगा पाण्यात लोटला की बसायचा. पुन्हा ओढून काढला, पुन्हा लावलं, पुन्हा बसला. तांदळाची पोती तोवर तळाला आली होती. पेज इतकी पातळ झाली की भांड्याचा तळ दिसायचा. त्या संध्याकाळी भजन झालं नाही. म्हणा, असं बुवांनीही सांगितलं नाही. देवळात ते तान्हं पोर तेवढं रडत होतं, आणि त्याच्या आईला दूध नव्हतं.

सकाळी तो तापातच उठला. डोंग्याभोवती फिरला. म्हणाला, मागच्या टोकावर दाबून वजन पडलं तर तुटकं तोंड पाण्याच्या वर राहील. जाळं टाकायला तो स्वतः मध्ये उभा राहणार. मागे बसणारा जड हवा आणि हलायला नको. यावर गावाचं आणि मंडळाचं एकाच वेळी एकमत झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला पोहता येत नाही. मी बसलो. गढूळ पाण्यातून उपटलेली झाडं अजून येत होती. भीतीनं मी देवाचं नाव घ्यायला लागलो, तर तो मागे न बघता म्हणाला, "भाऊ, तोंडबी हलवू नका."

टोपलीचा तळ झाकेल एवढी मासळी आली. त्यानंतर मंडळ दुसरी घरं बांधत राहिलं आणि मी रोज डोंग्याच्या शेपटीवर. त्या पहिल्या दिवशी काठावर उतरलो तेव्हा म्हातारी वाकून पोरांसाठी मासळीचे वाटे करत होती. काहीतरी चांगलं ऐकावं, अशी फार भूक लागली होती. विचारलं, "काऊन बाई, जमलं ना मले?"

तिनं मान वर केली नाही.

"धोंडाबी बसला असता तिथी. अन् धोंड्याले पेज नाई लागत."