वहाणेचं फूल

वाळ्याची ताटी भिजल्याचा वास आला की मला जठारपेठेतलं आमचं न्हाणीघर आठवतं. भावानं आसामातून ओल्या शेवाळात गुंडाळून आणलेली ऑर्किडची बोटभर रोपं मी तिथं ताटीआड ठेवली होती. "मानसं वाळून राहिले अन् हे झाडायले पानी पाजते," सासूबाई करवादायच्या. मग मी माझ्याच आंघोळीच्या बादलीतलं अर्धं पाणी रोपांना देऊ लागले. पाचव्या वर्षी फूल आलं, हुबेहूब चपलेसारखं. "देवाले नाही चालत हे. पायातली वहान पायातच बरी," सासूबाई फुलाकडं नाही, माझ्याकडं पाहत म्हणाल्या. मी फूल खुडलं, अंबाड्यात खोवलं आणि त्यांच्यादेखत हळदीकुंकवाला गेले. ते पडू नये म्हणून मान ताठ धरली होती. आता अंबाड्यापुरते केस उरले नाहीत, पण मान काही खाली गेली नाही.