टेट की डेशॉन

लोर्ना केसलरने एकतीस वर्षं आमच्या गावच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांचे घोटे पट्टीने बांधले, सुजलेल्या खांद्यांवर बर्फ धरला. तिचं नाव कधी छापून आलं नाही. सामन्याच्या दिवशी ती मैदानाच्या कडेला उभी असायची, आणि आम्ही तिच्या डोक्यावरून पुढचं बघायचो.

त्या वर्षी गावात दोन तट पडले होते. क्वार्टरबॅक कोण? चेंडू आधी त्याच्याच हातात येणार, तो फेकेल तिकडे सामना जाणार. टेट ब्रन्सन शेवटच्या वर्षाला होता, आमच्याच गावचा. डेशॉन प्रुइट एकोणीस वर्षांचा, टेक्सासहून आलेला. माझं टायरचं दुकान आर्लीनच्या खाणावळीला लागून आहे, त्यामुळे रोज सकाळी मी तिथल्या भांडणात असायचोच.

"डेशॉनला उतरवा," न्हावी ओडेल म्हणायचा. "तुमचा टेट चेंडू फेकतो की पोस्टात टाकतो?"

"आणि तुझा डेशॉन तीनदा समोरच्यांच्या हातात देऊन आलाय. दानशूर कुठला!" मी टेटच्या बाजूचा.

अखेर प्रशिक्षक हॅस्केलनी टेटचं नाव जाहीर केलं. त्याला बघायला शनिवारी मोठ्या संघांची माणसं येणार होती.

गुरुवारच्या सरावात टेट डोक्यावर आपटला. उठला, हसला, पुन्हा खेळायला लागला. शुक्रवारी लोर्नासमोर बसला तेव्हा त्याने डावा पाय पुढे केला. चार वर्षं ती त्याचा उजवा बांधत होती.

"टेट, डिसेंबरपासून उलटे महिने म्हण बघू."

ऑक्टोबरनंतर तो अडकला. मग त्याने तिचा हात धरला. "मिस लोर्ना, कुणाला सांगू नका ना. एक सामना. फक्त उद्याचा."

तिने त्याचा हात सोडवला आणि सरळ हॅस्केलकडे गेली.

"उद्याचं होऊन जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले.

"त्याने खेळू नये, असं मी कागदावर लिहून सही केली आहे," लोर्ना म्हणाली. "त्याला उतरवायचं तर त्याखाली तुमची सही करा."

त्यांनी सही केली नाही. टेटचा बाप रॉय फोनवर तिला नाही नाही ते बोलला. पोराचं डोकं डॉक्टरांकडून तपासून घ्या, असं ती सांगत राहिली. त्याने फोन आपटला.

शनिवारी डेशॉन खेळला. शेवटच्या मिनिटाला त्याच्या हातून चेंडू निसटला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. टेटला कुणी बसवलं, हे तोवर गावभर झालं होतं. का बसवलं, ते खाणावळीत आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी चर्चनंतर लोर्ना खाणावळीत आली. बोललो तो मीच.

"काय गं लोर्ना, घोटे बांधता बांधता संघ कधीपासून निवडायला लागलीस?"

सगळे हसले. तिने कप खाली ठेवला. "पोरांच्या तब्येतीचं मी चारचौघांत बोलत नाही, वॉल्ट," ती म्हणाली, आणि ताटातली अंडी तशीच टाकून निघून गेली.

त्याच संध्याकाळी टेटला उलट्या सुरू झाल्या.

मंगळवारी रॉय खाणावळीत आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. बसला नाही. "डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, मैदानात आणखी एक दणका बसला असता तर मी आज पोराची शवपेटी निवडत असतो." त्याने आम्हा एकेकाकडे पाहिलं. "तिला काय काय बोललो मी."

 

दुपारी मी लोर्नाकडे गेलो. ती डेशॉनचा घोटा बांधत होती. मी माफी मागितली. "बरं," ती म्हणाली, आणि पट्टी गुंडाळत राहिली. डेशॉन खाली मान घालून बसला होता. हरल्यापासून गावात त्याच्याशीही कुणी धड बोललं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

टेट वाचला, पण परत खेळला नाही. आता तो शेजारच्या गावात गणित शिकवतो. लोर्नाच्या निवृत्तीच्या समारंभाला रॉय बायकोला घेऊन आला, डेशॉन आला. टेट आला नाही. अजून बोलत नाही तिच्याशी.

मला ते सहन झालं नाही. मी तिला म्हणालो, "जीव वाचवलास त्याचा, आणि त्याला साधं..."

"राग धरतोय ना?" लोर्ना म्हणाली. "म्हणजे डोकं शाबूत आहे त्याचं. धरू दे."

मग ती उठून रॉयच्या बायकोला केक नेऊन द्यायला गेली.