उएगाकी मास्तर नापास झाले

ओसाकात मिनेयामा रेल्वे आणि उराहामा रेल्वे यांचं वैर इतकं जुनं होतं, की ते कशावरून सुरू झालं हे भांडणाऱ्यांनाही नीट सांगता येत नसे. मिनेच्या हिरव्या गाड्या डोंगराच्या पायथ्यानं यायच्या, हामाच्या पिवळ्या गाड्या समुद्राच्या कडेनं. शहराजवळ आल्यावर दोघींचे रूळ एकमेकांना येऊन भिडायचे आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत शेजारी शेजारी धावायचे. दोन रूळ मिनेचे, दोन हामाचे, मध्ये लोखंडी कुंपण. मिनेचे प्रवासी हामाच्या प्रवाशांना 'मासळीवाले' म्हणत. हामाचे लोक मिनेवाल्यांना 'इस्त्रीवाले' म्हणत, कारण त्या हिरव्या गाडीत चुरगळलेला शर्ट घालून चढायची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं.

उएगाकी शोझो मिनेच्या चाळीतच जन्मले. वडील कामेतारो मिनेच्या रुळांवर गँगमन होते. ते कुंपण उभारणाऱ्या टोळीत तर होतेच, पण पुढं दर वसंतात त्याला रंग देण्याचं कामही ते कुणाला करू देत नसत. पलीकडचा गँगमन "राम राम" करायला लागला, की कामेतारो रंगाचा डबा उचलून दहा पावलं पुढं जायचे.

अशा बापाचा मुलगा मोटरमन झाला ही घरची शान होती. आणि त्याच मुलानं स्टेशनाखालच्या पावाच्या दुकानातल्या फुसाएशी लग्न ठरवलं, तेव्हा घरावर वीज पडली, कारण फुसाए हामाच्या गार्डाची मुलगी. कामेतारोंनी वर्षभर मुलाशी बोलणं टाकलं. फुसाएचे वडील लग्नाला आले ते मुद्दाम हामाचा गणवेश चढवून, टोपीसकट. फोटोत ते अजून तसेच उभे आहेत.

शोझो पुढं मिनेचे प्रशिक्षक मोटरमन झाले. सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. त्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. ते नव्या माणसाला आधी केबिनमध्ये नेतच नसत. डब्यात उभा करत आणि सांगत, "वर बघू नकोस. लोकांची पावलं बघ. ब्रेक लागल्यावर कुणी पाऊल उचललं, तर समज की मोटरमन चुकला." त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाची गाडी फलाटावर अशी यायची, की पेंगणाऱ्याची मान हलत नसे. नापास करताना मात्र त्यांना दयामाया नव्हती. त्सुजिओका नावाचा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, पुढं युनियनचा पुढारी झालेला, त्यालासुद्धा त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

मास्तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आले आणि दोन्ही कंपन्यांची सोयरीक झाली. बाहेरच्या एका बड्या पैसेवाल्यानं हामाचे शेअर गोळा करायला सुरुवात केली होती. परक्याच्या हाती जाण्यापेक्षा शेजारणीच्या घरात गेलेलं बरं, असा विचार हामानं केला. मिनेलाही शहरातले रूळ अपुरे पडत होतेच. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि शहरातले चारही रूळ सामाईक मालकीचे ठरले. कुंपण जाणार, मध्ये रूळ बदलायचे सांधे बसणार, आणि गरज पडली की कुठलीही गाडी कुठल्याही रुळावरून जाणार. त्यासाठी प्रत्येक मोटरमननं दुसरीकडची गाडी आणि दुसरीकडचा मार्ग शिकायचा होता.

इथंच घोडं अडलं. मिनेच्या कारशेडमध्ये सभा झाली. त्सुजिओकानं उभं राहून सांगितलं की पगार कापा, पाळ्या वाढवा, त्यावर बोलू. पण मासळीवाल्यांसमोर विद्यार्थी होऊन बसणार नाही. हामाच्या शेडमध्येही इस्त्रीवाल्यांविरुद्ध असाच ठराव झाला.

नव्या कंपनीच्या साहेबांनी मास्तरांना बोलावून दोन्हीकडच्या प्रशिक्षणाचं प्रमुखपद देऊ केलं. मास्तर म्हणाले, "ज्या गाडीचा दांडा मी कधी धरला नाही, ती मी कुणाला काय शिकवणार? आधी मी शिकतो." साहेबांना वाटलं, केवढा नम्र माणूस. खरं तर त्या वेळी मास्तरांच्या मनात नम्रता वगैरे काही नव्हती. हामाची गाडी ती केवढी, चार दिवसांत हातात येईल, आणि मग आपल्याकडचे लोकही येतील, असा त्यांचा हिशेब होता.

हामानं त्यांना शिकवायला नाबारी चिकागे या प्रशिक्षिकेला नेमलं. चाळिशीची बाई, आवाज खणखणीत, बोलणं सडेतोड. पहिल्याच दिवशी केबिनच्या दाराशी ती म्हणाली, "उएगाकी मास्तर, आत गेल्यावर मी तुम्हाला नुसतं उएगाकी म्हणणार. मनातल्या मनात मास्तर म्हणेन."

"मनातही नको," मास्तर म्हणाले. "तेवढ्यात सिग्नल निसटेल."

ती हसली नाही. पुढं तिनं सांगितलं की हसू आलं होतं, पण पहिल्या दिवशी हसायचं नाही असं ठरवून आली होती.

मिनेच्या गाडीला दोन दांडे असत. डाव्या हाताशी वेगाचा, उजव्या हाताशी ब्रेकचा. हामाच्या गाडीला एकच, डाव्या हाताशी. पुढं रेटला की वेग, मागं ओढला की ब्रेक. मिनेचा मार्ग लांब आणि सरळ. हामाचा पूर्वीच्या ट्रामच्या रस्त्यानं वाढलेला, घराघरांतून वळणं घेत जाणारा, आणि स्टेशनं इतकी जवळ की वेग घेतो न घेतो तोच थांबायचं. नाबारीबाई मागं उभी राहून सांगायची, "उएगाकी, उशीर. उएगाकी, जास्त. उएगाकी, उजवा हात मांडीवर." घरी गेल्यावर मास्तर जेवताना भाताचा वाडगासुद्धा डाव्या हातानंच पुढं ओढत, इतका त्यांनी तो सराव अंगात मुरवायचा प्रयत्न केला.

परीक्षेच्या दिवशी मिनेचे काही मोटरमन मुद्दाम बघायला आले. त्सुजिओका त्यात होताच. अर्धा मार्ग छान गेला. मग शहरातल्या कालव्याजवळच्या स्टेशनात शिरताना फलाटाच्या कडेनं एक बाई छत्री सावरत वाकली, मास्तर दचकले, आणि इतक्या वर्षांची सवय उसळून वर आली. उजवा हात तिथं नसलेल्या दांड्याकडे गेला. रिकाम्या हवेत मूठ वळली. डाव्या हातानं ब्रेक ओढेपर्यंत गाडी थांबायच्या खुणेच्या पुढं एका दाराएवढी निघून गेली होती, आणि झटका असा बसला की डब्यातल्या सगळ्यांनी पावलं उचलली. छत्रीवाली बाई सुखरूप होती. तिला काही कळलंही नाही.

नाबारीबाईनं हातातल्या कागदावर खूण केली. मग म्हणाली, "नापास."

मास्तरांनी टोपी काढली, तिच्यापुढं कंबरेत वाकले आणि म्हणाले, "पुन्हा शिकवा."

बातमी मिनेच्या शेडमध्ये त्यांच्या आधी पोचली. खानावळीत उदोन शेवयांच्या वाडग्यावरून मान वर न करता त्सुजिओका म्हणाला, "मास्तर, सासुरवाडीचा पाहुणचार मानवला नाही वाटतं." सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांचं उदोन तसंच राहिलं.

घरी फुसाएनं चेहरा बघून ओळखलं. त्यांनी झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आमचे बाबा म्हणायचे, हामाची गाडी म्हणजे अडेल तट्टू. लगाम खेचला की हटून बसते. आधीपासून हळूहळू मन वळवावं लागतं तिचं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

खरंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी आयुष्यभर ते काम कसं केलं, हे मास्तरांनी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, आणि ती बोलत राहिली. जेवण गार झालं.

रविवारी ते वडिलांना भेटायला वृद्धाश्रमात गेले. कामेतारो आता खुर्चीतच असायचे, पण कान आणि जीभ शाबूत होती. बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून मास्तरांनी सांगून टाकलं की मी परीक्षेत नापास झालो.

"कुणी केलं नापास?"

"हामाच्या एका बाईनं."

मास्तर बोलणी खायच्या तयारीत बसले.

"बरोबर केलं का तिनं?"

"बरोबर केलं, आबा."

"मग गाऱ्हाणं कसलं घेऊन आलास?" थोड्या वेळानं म्हातारा पुन्हा म्हणाला, "कुंपण काढणार म्हणे. नुसते ओढू नका म्हणावं खांब. खाली पायाला दगड आहेत. मीच भरलेत."

मास्तर पुन्हा शिकायला बसले. या खेपेला त्यांनी नाबारीबाईला खूप प्रश्न विचारले, अगदी नवख्या पोरानं विचारावेत तसे. दुसऱ्या परीक्षेत ते पास झाले. वाहवा करावी असं काही त्यात नव्हतं. बाईनं "ठीक" एवढंच म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्सुजिओका त्यांच्या दारात उभा राहिला. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून झाल्यावर म्हणाला, "मी नाव देतोय. हामाच्या गाडीसाठी."

"का रे? सासुरवाडी तर माझी आहे."

"मास्तर, खरं सांगू? आम्हाला शिकायची लाज नव्हती. नापास व्हायची होती. त्यांच्यासमोर. आता तुम्हीच झालात, तर आम्हाला काय हरकत आहे?"

त्याच्यामागून बाकीचे आले. ते बघून हामाचे लोक मिनेच्या शेडकडे वळले. तिथं त्यांचे डावे-उजवे हात गोंधळले, तेव्हा मिनेवाल्यांनी मनसोक्त हसून घेतलं, आणि फिटंफाट झाली.

तरी एक भांडण उरलंच. सिग्नलकडे बोट दाखवून मोटरमन मोठ्यानं हाक देतो, त्या हाकेचे शब्द दोन्हीकडे वेगळे होते. मिनेची हाक लांब आणि भारदस्त, हामाची तुटक. सामाईक रुळांवर हाक एकच हवी. दोन्ही युनियन हट्टाला पेटल्या. मिनेच्या हाकेतले निम्मे शब्द तर मास्तरांनीच पूर्वी बसवलेले. ते आणि नाबारीबाई दिवसभर एका गाडीतून दुसरीत, असे दोन्ही हाका देऊन बघत फिरले. शेवटी मास्तरांनी सभेत सांगितलं, "निघतानाची हाक मिनेची घ्या. तेव्हा वेळ असतो, आणि माणसानं पूर्ण शुद्धीवर असावं. थांबायची हाक हामाची. थांबताना शब्द कमी असतील तेवढे बरे. हे मी स्वतः एक दार पुढं जाऊन शिकलोय." सभेत हशा झाला आणि ठराव पास झाला.

उन्हाळ्यात कुंपण निघालं. खांब नुसते ओढले नाहीत; आधी खणून पायाचे दगड मोकळे केले. त्यानंतरच्या पावसाळ्यात, कामावर जायच्या ऐन गर्दीच्या वेळी, मिनेच्या रुळांखालून गेलेली जुनी जलवाहिनी फुटली आणि खडी खचली. दोन्ही हिरवे रूळ बंद. पूर्वी असं झालं असतं, तर डोंगराकडचं निम्मं शहर दुपारपर्यंत खोळंबलं असतं. त्या दिवशी कंट्रोल रूमनं सांधे फिरवले आणि हिरव्या गाड्या पिवळ्यांच्या मधूनमधून पलीकडच्या रुळांवर सोडल्या.

शेवटच्या स्टेशनात माणसं कमी पडत होती, म्हणून मास्तर आणि नाबारीबाई भोंगे घेऊन फलाटावर उतरले आणि लोकांना वाट दाखवत राहिले. हामाच्या फलाटावर पहिली हिरवी गाडी आली ती त्सुजिओकाची. मास्तर चुकले होते ते कालव्याजवळचं स्टेशन त्यानं पार केलं होतं, आणि गाडी खुणेवर येऊन अलगद उभी राहिली. उतरणाऱ्या लोकांनी फलाट वेगळा बघून जरा इकडंतिकडं पाहिलं आणि जिना धरला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मास्तरांना विचारलं, "आज गाडी इकडं कशी?"

"आता हेही आपलंच," मास्तर म्हणाले. आणि आपण काय बोललो, ते कळून तिथंच जरा थबकले.

दुपारी सगळं सुरळीत झालं, तेव्हा दोघांचेही आवाज बसले होते. हामाच्या खानावळीत बसून त्यांनी एकमेकांशी खुणांनीच बोलत जेवण उरकलं.

मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्यामागं प्रशिक्षणाच्या प्रमुखपदी कोण, असं साहेबांनी विचारलं. मास्तरांनी नाबारीबाईचं नाव सांगितलं. मिनेच्या युनियनकडून पाठिंबा आला, त्यावर सही त्सुजिओकाची होती. शंभर वर्षांच्या वैरातल्या कंपनीची बाई आपल्या मोटरमनना पास-नापास करणार, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माणसानं आयुष्यात एवढं जरी केलं, तरी पुष्कळ झालं.

आता मास्तर फुसाएला घेऊन पुष्कळदा समुद्राकडे जातात. ती बसते, ते पहिल्या डब्यात केबिनच्या काचेमागं उभे राहतात आणि मोटरमनच्या हातांकडे बघत राहतात. पोरांना त्याचं दडपण येतं, अशा तक्रारी नाबारीबाईकडे गेल्या. एक दिवस ती स्वतःच गाडी चालवत होती. मास्तर काचेला नाक लावून उभे आहेत, हे तिनं पाहिलं, टोपीला हात लावून त्यांना नमस्कार केला आणि केबिनचा पडदा खाली ओढून घेतला.

"बरं झालं," फुसाए म्हणाली. "या आता, बसा माझ्याजवळ."